कारण माहीत नसलेले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांसमोर कुणी नुसतं "पोट दुखतं" असं म्हटलं की ते पेन खाली ठेवायचे, खुर्ची मागे सरकवायचे आणि सरळ जमिनीवर बसायचे. ओपीडीच्या फरशीवर, पांढऱ्या कोटासकट. गुडघे छातीशी ओढून, पायांना दोन्ही हातांनी मिठी मारून, मान पुढे टाकून विचारायचे, "असं बसलं की बरं वाटतं का? की थोडं डावीकडे कलून? बसून दाखवा ना भिया. लाजायचं काय त्यात?"

पेशंट आधी घाबरायचा. इंदूरमधले एवढे नावाजलेले पोटाचे डॉक्टर, केस पांढरे, आणि हे काय चाललंय? मग हळूच तोही खाली बसायचा. दोघं समोरासमोर, गुडघ्यांना मिठी मारून. बाहेर बाकावरची माणसं माना लांब करून दारातून बघायची. आणि थोड्या वेळात तो पेशंट असं काही सांगायला लागायचा, जे त्यानं आधीच्या कुठल्याच दवाखान्यात सांगितलेलं नसायचं. दुखणं पाठीत कसं घुसतं, जेवणाचं ताट समोर आलं की भीती कशी वाटते, आणि घरचे काय काय बोलतात.

मी त्यांच्याकडे संशोधनाच्या कामाला होते. पेशंटना दर महिन्याला फोन करायचा, दुखणं किती, वजन किती, काय खाल्लं ते विचारायचं, हे माझं काम. मुलाखतीला गेले तेव्हा मी रात्रभर पाठांतर करून गेले होते. त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाऊन आलात?"

"पोहे," मी म्हटलं.

"वरून सेव?"

"हो सर."

"कुठून येता?"

"महूहून. आजोबा फौजेत होते, तेव्हापासून आम्ही तिथलेच."

"महूचे पोहे जरा कोरडे असतात," ते गंभीरपणे म्हणाले. "पण ठीक आहे. सोमवारपासून या." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमची 'महूवाल्या बाई' झाले. माझं नाव त्यांना अजूनही नीट आठवत नाही, मात्र माझ्या आईला संधिवात आहे आणि भाऊ भोपाळला शिकतो, हे कधी विसरले नाहीत.

त्यांचा विषय होता स्वादुपिंड आणि पित्तनळी. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं एक मऊ इंद्रिय. अन्न पचवणारे रस तिथं तयार होतात. डॉक्टर त्याला 'मागच्या खोलीतल्या बाईसाहेब' म्हणायचे. "दिसत नाहीत, बोलत नाहीत, सगळ्या घराचं जेवण त्याच बघतात. पण एकदा चिडल्या ना, की घर पेटवून देतात," असं नव्या विद्यार्थ्यांना सांगायचे. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतले खडे काढताना अंगावर शिशाचा जड ॲप्रन, समोर पडद्यावर एक्स-रे, आणि तोंडानं खड्यालाच बाई म्हणत चाललेलं आर्जव, "सरक बाई, सरक जरा. कुणी तुला मारत नाहीये. हां, आली, आली!" शेजारी उभ्या नर्सला पहिल्या दिवशी वाटलं, आपल्यालाच सांगतायत. ती बिचारी सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली होती.

त्यांच्या पत्नी एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "लग्नानंतर मी पहिल्यांदा आजारी पडले ना, तर ह्यांचा पहिला प्रश्न काय? दुखणं पाठीकडे जातंय का? ताप आला होता हो मला." पण सांगताना हसत होत्या.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण होतं ते उपाशी ठेवण्याशी. स्वादुपिंडाला कायमची सूज असलेल्या माणसाला बाहेर सगळे सांगायचे, तेल बंद, तूप बंद, दूध बंद, उकडलेलं खा. माणसं वाळून काड्या व्हायची. डॉक्टर चिडायचे. "इंदूरच्या माणसाची सेव बंद केलीत, तर तो दुखण्यानं मरायच्या आधी दुःखानं मरेल. पाचकरस कमी आहे ना? मग रसाची गोळी द्या आणि खाऊ द्या!" मग पेशंटला त्याचा डबा तिथंच उघडायला लावायचे. शेजारी आपला डबा उघडायचे. चार घास झाले की दोघांच्या मध्ये ठेवलेल्या कॅप्सूलकडे बोट दाखवायचे. "आता. जेवणाच्या आधी नाही, हात धुतल्यावर नाही. जेवणाच्या मध्ये. वरणात मीठ घालतो तसं." या नादात ते दुपारी दोन-तीनदा जेवायचे आणि संध्याकाळी त्यांचंच पोट बिघडायचं.

आता ते निवृत्त झालेत. सकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या समाध्यांपाशी, फिरायला जातात. फिरणं कमी, पायरीवर बसून लोकांचे रिपोर्ट बघणंच जास्त. गुडघे कुरकुरतात म्हणून हल्ली जमिनीवर बसता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं. मी अजून त्याच विभागात आहे. अधूनमधून त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "महूवाल्या बाई, सापडलं का कारण?"

"नाही सर, अजून नाही."

"ठीक. शोधत राहा." आणि फोन बंद.

हे 'कारण' म्हणजे काय, ते सांगायचं तर बेटम्याच्या महेशबद्दल सांगायला हवं.

महेश आमच्याकडे आला तेव्हा चोविशीतला असेल. धार रोडवरच्या बेटम्याजवळ त्यांची बटाट्याची शेती. शाळकरी वयापासून पोटात दुखायचं, मग साखरेचा आजार लागला, वजन उतरलं. गावाकडच्या पहिल्या दवाखान्यात कुणीतरी कागदावर लिहिलं, 'मद्यपान?' प्रश्नचिन्हासकट. तिथून बेटम्याला घरी पोचेपर्यंत ते प्रश्नचिन्ह कुठंतरी गळून पडलं. स्वादुपिंड सुजतं ते दारूनं, हे सगळ्यांना माहीत. पण दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या पोरांनाही आपल्या देशात हा आजार होतो, आणि तो का होतो हे धडपणे कुणालाच माहीत नाही, हे कुणी सांगतच नाही. डॉक्टरांचं आयुष्य या एका प्रश्नात गेलं होतं.

महेशचं ठरलेलं लग्न मोडलं. वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवण वेगळं, खाट गोठ्याजवळच्या खोलीत. हे सगळं त्यानं जमिनीवर गुडघे धरून बसल्या बसल्या डॉक्टरांना सांगितलं. शेवटी म्हणाला, "सर, दर्द का तो चलता है. बाबूजी देखते नहीं मेरी तरफ, वो नहीं चलता."

डॉक्टरांनी मला विचारलं, "रविवारी काय करताय?"

तर एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून बेटम्याला निघालो. ते गाडी फार सावकाश चालवायचे आणि बाजूनं पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला हात करून "जाओ भिया, जाओ" असा आशीर्वाद द्यायचे. मी म्हटलं, "सर, तिथं जाऊन काय सांगणार?"

"जे माहीत आहे ते."

"आणि ते कारण विचारतील तेव्हा?"

"तेव्हा जे माहीत नाही ते."

महेशचे वडील अंगणात बटाट्याची पोती शिवत बसले होते. उंच, राकट माणूस, पांढरी मिशी. डॉक्टर आलेत म्हटल्यावर उठले, खाट टाकली, पाणी आणलं. पण डॉक्टरांनी विषय काढताच चेहरा बंद झाला आणि त्यांनी परत पोतं शिवायला घेतलं. "साब, कागज पे लिख्यो थो. पढ़े-लिखे आदमी ने लिख्यो थो."

"मैं भी पढ़ा-लिखा हूँ, काकाजी. गलत लिखा था."

"मैंने म्हारी आँख से देख्यो है. सवेरे उल्टी करे, आँगन में दोहरा होके पड़ा रहे. पीने वाले का जैसा."

डॉक्टर खाटेवरून उठले आणि त्या धुळीत खाली बसले. गुडघे छातीशी, हातांची मिठी, मान पुढे. पांढरा सदरा मातीत. "ऐसे?" त्यांनी विचारलं. "ऐसे पड़ा रहता है?"

म्हाताऱ्यानं सावकाश मान डोलावली.

"ये दारू वाला नहीं बैठता, काकाजी. दारू वाला हाथ-पाँव फैला के सोता है. ऐसे वो बैठता है जिसकी पीठ में अंदर से कोई कील ठोक रहा है. सीधा होगा तो और ठुकेगी, इसलिए दोहरा होता है. आपका लड़का आपसे छुपा नहीं रहा था. दर्द दबा रहा था."

गोठ्यातल्या म्हशीची घंटा वाजली. महेश दाराच्या चौकटीला धरून उभा होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण हातातला दाभण खाली ठेवला.

"तो फिर कायसे हुआ?" त्यांनी विचारलं.

"पता नहीं," डॉक्टर म्हणाले. "बरसों से ढूँढ रहा हूँ. दारू नहीं है, इतना पक्का पता है. बाकी नहीं पता."

मला वाटलं, आता संपलं. एवढ्या लांब येऊन डॉक्टरांनी 'माहीत नाही' म्हणून सांगितलं, आता हा माणूस आम्हाला हाकलून देणार. पण उलटंच झालं. नंतर परतताना डॉक्टर म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस कारण तयार ठेवून येतो. त्यांनी जन्मभर बाजारात बटाटे विकलेत. त्यांना कळतं."

वडील उठून आत गेले. आम्हाला भांड्यांचे आवाज ऐकू आले. ते बाहेर आले तेव्हा हातात एकच मोठं ताट होतं. भाजलेले बटाटे, रोटी, वर तुपाची धार. त्यांनी ते डॉक्टरांसमोर ठेवलं, आणि महेशकडे न बघताच म्हणाले, "आ, बैठ. साब के साथ खा ले."

डॉक्टर म्हणाले, "मेरे साथ नहीं. आपके साथ." आणि खिशातून कॅप्सूलची पट्टी काढून ताटाच्या कडेला ठेवली. "चार निवाले के बाद, ये. भूलना मत."

बाप-लेक एका ताटात जेवले. चौथ्या घासाला बापानंच पट्टी फोडून कॅप्सूल पोराच्या हातावर ठेवली. डॉक्टर मान वळवून म्हशीकडे एकटक बघत होते, जणू तिलाच तपासायला आलेत.

त्या सुमाराला आमचा मोठा अभ्यास सुरू होता. डॉक्टरांचा एक लाडका तर्क होता. लहानपणी घरात चुलीचा धूर, ताटात ताजी भाजी-फळं कमी, त्यामुळे शरीरातली काही जीवनसत्त्वं आटतात आणि बाईसाहेब भाजून निघतात. ती जीवनसत्त्वं गोळीतून दिली तर दुखणं कमी होईल. या कल्पनेवर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. अभ्यासात निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती ते पेशंटना माहीत नव्हतं, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. असं असणार हे सगळ्यांना आधी समजावून सांगितलेलं होतं. महेशही त्यात होता.

मी फोन करत होते आणि माणसं बरी होत होती. महेश तर फारच. वजन वाढलं, दुखणं कमी झालं, फोनवर हसायला लागला. मी डॉक्टरांना सांगायचे, "सर, जमतंय!" ते म्हणायचे, "पेटी उघडेपर्यंत नाचायचं नाही." पण त्यांचे डोळे नाचायचे.

मग कुणाला कोणती गोळी गेली ती यादी उघडली. हिशेब मांडायला पुण्याहून इथं नोकरीला आलेले एक सर होते, अतिशय शुद्ध मराठी बोलणारे. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळत नाही."

म्हणजे खरी गोळी घेतलेले जेवढे बरे झाले, तेवढेच रिकामी घेतलेलेही झाले होते. डॉक्टरांचा तर्क चुकला होता.

आकड्यांच्या सरांनाच राहवेना. ते हळुवारपणे म्हणाले, "केवळ तरुण स्त्रियांचा गट वेगळा काढला, तर थोडा लाभ दिसतो. त्यावर लेख होऊ शकेल."

"बुधवारी आलेल्यांचा वेगळा काढा," डॉक्टर म्हणाले, "त्याहून जास्त दिसेल." मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही माझ्या भल्याचं सांगताय, कळतं मला. पण नाही म्हणजे नाही. जसं आहे तसं छापू." निवृत्ती अगदी जवळ आली होती. त्यांच्या बरोबरीचे लोक मोठमोठे शोध नावावर घेऊन निवृत्त होत होते. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "महूवाल्या बाई, सगळ्यांना जेवायला बोलवा."

"कुणाला सर?"

"आपल्या पेशंटना. घरच्यांसकट. ह्या माणसांनी माझ्यासाठी सुया टोचून घेतल्या. औषध चाललं नाही हे त्यांना एखाद्या इंग्रजी मासिकातून कळणार का? मी सांगणार."

परदेशीपुऱ्यात एक साधी धर्मशाळा आहे, एके काळी गिरणीकामगारांची लग्नं तिथं व्हायची. तिथं दुपारचं जेवण ठरलं. दाल-बाफले, भाजी, आणि अर्थात सेव. प्रत्येक पेशंटच्या पत्रावळीच्या कडेला, जिथं विडा ठेवतात तिथं, एक एक कॅप्सूल ठेवली होती. ती मांडत डॉक्टर स्वतः पंगतीतून वाकून वाकून फिरत होते.

जेवणं झाली तशी ते उभे राहिले. माईक होता, तो त्यांनी उलटा धरला. मी जाऊन सरळ केला.

"भाइयो और बहनो," ते म्हणाले, "मेरी दवाई बेकार निकली."

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. मागून महेशनं हात वर केला. "सर, मेरे को कौनसी मिली थी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सांगितलं.

"खाली वाली," ते म्हणाले.

"पर मैं तो ठीक हूँ!"

"हाँ भिया. वो भी समझ में नहीं आया."

आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळी धर्मशाळा हसली. हसू ओसरल्यावर डॉक्टर पुढे बोलले, आणि आता त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "अब एक और जगह ढूँढना है. खून में. हो सकता है ये बीमारी माँ-बाप से बच्चे में उतरती हो. इसके लिए माँ-बाप का भी खून लगेगा. अस्पताल की कमेटी से इजाज़त हमको मिल गई है. पर आपने पहले ही बहुत दिया है. कोई ना बोले, तो मैं बुरा नहीं मानूँगा."

आता मात्र कुणी हसलं नाही. बायांनी पदर सारखे केले. बाप जमिनीकडे बघायला लागले. पोरासाठी रक्त द्यायला कोण नाही म्हणेल? पण हे रक्त वेगळं होतं. ज्या दुखण्यानं लेकरू रात्र रात्र तळमळतं, ते आपल्याकडूनच त्याला आलं, असं निघालं तर? ते कुणाला ऐकायचं होतं?

तेवढ्यात महेशचे वडील उठले. पंगतीतून वाट काढत पुढे आले. कुडत्याची बाही कोपरापर्यंत, मग त्याच्याही वर सरकवली.

"म्हारो ले लो साब," ते म्हणाले. "म्हारे से उतर्यो होय तो मालम तो पड़े. इत्ता साल मैंने इसके माथे डाल्यो थो."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मी शेजारी बसून संमतीचा कागद ओळीनं वाचून दाखवला, काय तपासणार, काय नाही, नको वाटलं तर केव्हाही नाही म्हणता येईल. म्हातारा प्रत्येक वाक्याला "हूँ" करत होता. अंगठा नको म्हणाला, सही केली, मोठ्या अक्षरांत, सावकाश.

रक्त घ्यायला नर्स होती, पण डॉक्टर म्हणाले, "मी घेतो." दंडाला रबरी पट्टी बांधली. वाकून शीर शोधायला लागले. सापडेना. चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत सापडेना.

"साब," महेशचे वडील म्हणाले, "पेट में दुर्बीन डाल के पत्थर निकाल लो हो, ने हाथ की नस नी दीखे?"

"दिख रही है काकाजी," डॉक्टर म्हणाले. "जरा पानी है बीच में." आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, सरळ, सगळ्यांसमोर.

मग सुई बरोबर लागली. नळी भरली. मी ती हातात घेऊन नाव लिहीत असताना मान वर केली, तर पंगतीतून एक बाई उठून येत होती, तिच्यामागे आणखी एक जोडपं, त्यांच्यामागे आणखी कुणी. नर्सनं घाईघाईनं दुसरी खुर्ची मांडली.

महेश येऊन वडिलांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला होता. सुई काढली तिथं त्यानं कापसाचा बोळा ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. "ज्यादा ज़ोर से तो नी?" त्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली.

रक्त केव्हाच थांबलं होतं. मागची माणसं खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत होती. पण महेशनं अंगठा काढला नाही, आणि वडिलांनीही हात मागे घेतला नाही. मी उठवायला निघाले, तर डॉक्टरांनी मला डोळ्यांनीच थांबवलं आणि पुढच्या माणसासाठी तिसरी खुर्ची स्वतः उचलून आणली.